सही करण्याआधी जिना मोजा : जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या वारसदारांना खुले पत्र

वारसदारहो, सप्रेम नमस्कार.

सराफ बाजार, दहीपूल, तिवंधा, भद्रकाली, तांबट लेन, घनकर लेन, पलीकडे पंचवटी. जिथे कुठे आजोबा-पणजोबांच्या नावाची मिळकत पत्रिका आहे आणि तिच्यावर आता तुमची दहा-वीस नावं चढली आहेत, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. वाड्यात अजून राहणाऱ्या भाडेकरूंनीही ते आपल्यालाच लिहिलंय असं समजावं. का, ते पुढे सांगते.

मी तुमच्यातलीच एक. दहीपुलाजवळच्या एका बोळात आमचा वाडा होता. २०१७ साली आम्ही तो विकसकाला दिला. पत्रिकेवर सतरा नावं होती, सतरा सह्या झाल्या, त्यातली नववी माझी. कुणी फसवलं नाही, कुणी धाकदपटशा केला नाही, पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले. मागची भिंत पावसाळ्यात फुगायची, वरचा मजला आम्ही दोन वर्षं कुलूपबंद ठेवला होता. तेव्हा वाडा द्यायलाच नको होता, असं मी म्हणत नाही. देताना आम्ही एक काम केलं नाही, त्याबद्दल हे पत्र आहे. ते काम आठ दिवसांचं होतं, आणि ते राहून गेलंय हे मला कळलं मेलबर्नमध्ये, दुसऱ्याच एका कुटुंबाच्या घरात उभी असताना.

मागच्या ऑक्टोबरात भाच्याचं लग्न तिकडे झालं. आम्ही नाशकाहून अकरा जण गेलो होतो, आणि अकराही जण त्या सतरा सह्यांमधले. थोरले काका ब्याऐंशीचे, आत्या अठ्ठ्याहत्तरची, बाकी आम्ही चुलत-आत्ते भावंडं, सगळी साठीच्या आगेमागे. लग्नानंतर दोन दिवसांनी भाच्यानं सगळ्यांना फिट्झरॉय गार्डन्स नावाच्या बागेत नेलं. मोठमोठ्या झाडांच्या रांगांमध्ये विटा-दगडांचं एक बसकं घर आहे. वर लाल कौलं, भिंतीवर चढलेली वेल, पुढे भाजीचे आणि औषधी झाडांचे वाफे. कौलं बघून आत्या म्हणाली, “हे तर आपल्या परसातल्या गोठ्याएवढं आहे.” खरंच तेवढंच आहे. आतला जिना इतका अरुंद की आम्हाला पाळीपाळीनं चढावं लागलं, आणि काकांना मान वाकवूनच फिरावं लागलं.

हे घर कॅप्टन जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्द्याच्या आईवडिलांचं. ते मूळचं मेलबर्नचं नाही, इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या ग्रेट एटन गावचं. वडील शेतमजूर, पुढे शेतावर मुकादम झाले, आणि साठीला आल्यावर त्यांनी हे घर बांधलं. दारावरच्या दगडात नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं आणि १७५५ हे साल कोरलेलं आहे. १९३३ साली घर विकायला निघालं. मालकिणीची अट होती की ते इंग्लंडबाहेर जाऊ नये. पुढे त्या अटीतला ‘इंग्लंड’ हा शब्द बदलून ‘साम्राज्य’ असा झाला आणि वाट मोकळी झाली. गावातल्यांची सर्वांत मोठी बोली ३०० पौंडांची होती. मेलबर्नचे उद्योगपती रसेल ग्रिमवेड यांनी ८०० पौंड दिले. शहराच्या शताब्दीला त्यांना ते भेट द्यायचं होतं. मग घर उतरवलं. वीट न् वीट, दगड न् दगड क्रमांक घालून सुटा केला, २५३ पेट्या आणि ४० पिंपं भरली आणि ‘पोर्ट डनेडिन’ नावाच्या बोटीवर चढवली. भिंतीवरच्या वेलीच्या काड्यासुद्धा सोबत नेल्या. ऑक्टोबर १९३४ मध्ये ते घर या बागेत पुन्हा उभं राहिलं. मूळ जागी, ग्रेट एटनला, आता एक स्तंभ आहे. तो ऑस्ट्रेलियाच्या ज्या किनाऱ्यावर कुकच्या जहाजावरून पहिल्यांदा नजर पडली, तिथल्या दगडाचा केला आहे.

२५३ पेट्या आणि ४० पिंपं हे ऐकल्यावर आम्ही अकराही जण गप्प झालो. आमचा वाडा चार दिवसांत गेला. मी तेव्हा समोरच्या ओट्यावर उभी राहून बघत होते. तुळया टेम्पोत चढल्या, माजघराच्या दाराची चौकट चढली, चौकातले केळफुलाच्या नक्षीचे आठ खांब चढले, खांबांखालचे दगडी तळखडे तर रस्त्याच्या कडेलाच टाकून दिले होते. कशावरही खडूचा एक आकडासुद्धा कुणी घातला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर ही बाई परदेशात जाऊन गोऱ्याच्या घरापुढे हात जोडून आली, असं कुणाला वाटायचं. मला कुकची भक्ती नाही. १७७० च्या ऑगस्टमध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचा सगळा पूर्व किनारा राजाच्या नावानं ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं, आणि हजारो वर्षं तिथं राहणाऱ्या माणसांना विचारलंही नाही. मेलबर्न ज्या जमिनीवर उभं आहे ती वुरुंजेरी लोकांची. त्या छोट्या घरावर लोकांनी रागानं रंग फासल्याच्या घटनाही घडल्या आहेत, आणि तो राग मला समजतो. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या, त्या गावची मी आहे. साम्राज्य म्हणजे काय हे आमच्या गल्ल्यांना कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी बागेत मला बोचत होतं ते वेगळंच. एका शेतमजुराच्या एवढ्याशा घराची वीट न् वीट मोजली जाते, आणि आमच्या दोन चौकांच्या वाड्याचा साधा नकाशा कुणाकडे नाही. आमच्याकडेही नाही.

आणखी एक सांगायचंय, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कुक या घरात राहिला का? घर बांधलं १७५५ मध्ये. तो १७४५ च्या सुमारास, सोळा-सतरा वर्षांचा असतानाच, गाव सोडून समुद्राकाठी कामाला गेला होता. म्हणजे त्याचं बालपण काही या घरात गेलेलं नाही. आईवडिलांना भेटायला आला असेल तेवढाच. आतलं सामानही बहुतेक त्या कुटुंबाचं नाही, त्या काळाला शोभेलसं आणून मांडलेलं आहे. आणि हे तिथं कुणी लपवत नाही. म्हातारा बाप तर मुलाच्या मागे दीड महिन्यानं गेला: कुक हवाईत मारला गेला १४ फेब्रुवारी १७७९ ला, आणि बाप एप्रिलच्या सुरुवातीला. मुलगा गेल्याची बातमी इंग्लंडात पोचली १७८० उजाडल्यावर. बापाला ती कळलीच नाही. हे ऐकून आत्यानं तिथल्याच एका बाकावर बसून डोळे पुसले. त्या घराची किंमत मला तिथं कळली. एका बाईनं आणि बाप्यानं म्हातारपणी बांधलेलं, दारावर दोघांची अक्षरं असलेलं घर. पुढे मुलगा कोण झाला, ही वेगळी गोष्ट.

आपल्याकडे काय होतं? प्रत्येक वाड्याला कुणीतरी मोठं माणूस लागतं. अमक्या सरदाराचा मुक्काम, तमक्या पुढाऱ्याची गुप्त बैठक, भुयार थेट गंगेपर्यंत, म्हणजे आपल्या गोदावरीपर्यंत. आमच्याही वाड्यात भुयार असल्याचं सांगत. वाडा पाडला तेव्हा तिथं पेव निघालं, धान्याचं. मग ज्या वाड्यात कुणी सरदार राहिला नाही, तो नोंद करण्याच्या लायकीचा नाही असं आपणच ठरवून टाकतो. पेशवाईतला सरकारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्याची काळजी घेणारं कुणी आहे. तुमच्या-माझ्या वाड्याला तसं कुणी नाही. किराणा दुकानदाराचा, तांबटाचा, भिक्षुकाचा, शाळामास्तराचा वाडा. जुनं नाशिक तर अशाच वाड्यांचं आहे.

त्या रात्री भाच्याच्या घरी जेवणं झाल्यावर चुलतभावानं कोरे कागद वाटले. म्हणाला, प्रत्येकानं आपापला वाडा काढा, एकमेकांचं बघायचं नाही. तास दीड तास अकरा म्हातारी माणसं शाळेतल्या मुलांसारखी कागदावर वाकली होती. नंतर सगळे कागद जमिनीवर मांडले. दिंडी दरवाजा, पहिला चौक, ओसरी, इथपर्यंत सगळ्यांचं जुळलं. देवघराचं दार सहा जणांनी माजघरातून दाखवलं, पाच जणांनी ओसरीवरून. मागच्या चौकातला आड कुणी डावीकडे काढला, कुणी उजवीकडे. भिंतीतली धान्याची बळदं दोन होती की तीन? जिन्याला पायऱ्या तेरा की पंधरा? काका म्हणाले तेरा, कारण मुंजीत ते मोजून उतरले होते. आत्या म्हणाली पंधरा, कारण तेरावर पाय घसरून ती पडली होती आणि खाली आणखी दोन होत्या. रात्री एकपर्यंत वाद चालला. आधी हसत, मग चिडून, आणि मग कुणी बोलेनासं झालं. ज्या घरात ही माणसं जन्मली, त्याच्या जिन्याचा निकाल लावायला पृथ्वीच्या पाठीवर आता काहीच उरलेलं नाही.

आणि त्यात एक गोष्ट अशी होती की जी आमच्या एकट्यांची नव्हती. १९६९ च्या महापुरात आमच्या ओसरीपर्यंत पाणी आलं होतं. आजोबांनी पाणी ओसरल्यावर खिळ्यानं भिंतीवर रेघ ओढून खाली तारीख कोरली होती. गंगेला पूर आला की आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी कमरेला लागलं की छातीला, त्यावरून गाव अंदाज बांधतं. पण बोळाबोळांत ते पाणी नेमकं कुठवर चढलं, याच्या खुणा अशा घराघरांच्या भिंतींवर आहेत. आमची गेली. जमिनीपासून किती उंचीवर होती, हे कुणीही टेप लावून मोजलेलं नाही. पुढच्या पुराच्या वेळी त्या बोळात राहणाऱ्या माणसाला ती रेघ उपयोगी पडली असती.

म्हणून माझं मागणं. विकसकाबरोबर करार करा, दुरुस्ती करा, भांडा, कोर्टात जा. तो तुमचा प्रश्न आहे आणि बाहेरच्या माणसानं त्यात शहाणपण शिकवू नये. मातीच्या भिंतीच्या घरात जिवावर उदार होऊन राहा, असंही मी कधी म्हणणार नाही. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठला ना कुठला वाडा खचतो हे आपण सगळे बघतो. खांबाचा बुंधा ओल धरून कुजतो, कौलातून गळलेलं पाणी भिंतीच्या पोटात उतरतं, आणि दुरुस्ती म्हणून आपण वरून सिमेंटचा गिलावा मारला की ते पाणी बाहेर यायची वाटच बंद होते. शेजारचा वाडा पाडला की सामाईक भिंतीचा आधार जातो, मग आपला झुकतो. हे सगळं मान्य. फक्त शेवटची सही करण्याआधी आठ दिवस द्या.

पहिल्यांदा जिना मोजा, कारण तो सर्वांत आधी जातो. मग प्रत्येक मजल्याचा नकाशा. आर्किटेक्ट मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर चौकटीचा कागद, तीस मीटरची टेप आणि दोन माणसं पुरतात. आपले वाडे खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, हिशेबात बांधलेले, तेव्हा एक खण नीट मोजलात की पुढचं काम भराभर होतं. भिंतींची जाडी दारापाशी मोजता येते. जोत्याची रस्त्यापासूनची उंची विसरू नका. प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे फोटो काढा आणि फोटोत घरातलं कुणीतरी उभं करा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो आणि पुढे कोण होतं हेही कळतं. कडीपाटाचे, म्हणजे लाकडी छताचे, फोटो जमिनीवर उताणं पडून काढावे लागतात. कोनाडे, खुंट्या, दिवळ्या, अडसराची भोकं, उखळ पुरलेली जागा, न्हाणीतला दगड. जे रोज डोळ्यांपुढे असतं तेच फोटोत येत नाही. आमच्याकडे लग्नामुंजींचे दोनशे फोटो आहेत आणि त्या सगळ्यांत वाड्याचा मिळून एक खांब दिसतो, तोही अर्धा, करवलीच्या मागे.

लाकडावर आकडे घाला. तैलरंगानं, आतल्या बाजूला, आणि तोच आकडा नकाशावर. लाकूड विकणार असाल तर विका. सागवानाला भाव आहे आणि पैशाची गरज कुणाला नसते? पण कुठला खांब कुठे होता हे कागदावर राहू द्या. चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका हॉटेलाच्या दर्शनी भागात केळफुलाचे चार खांब दिसले. तो दहा मिनिटं त्यांच्यापुढे उभा होता. आमचे होते की नाही, हे त्याला आजही सांगता येत नाही. आणि जमलं तर एक चौकट, एक खांब, एक तळखडा नव्या इमारतीच्या प्रवेशापाशी बसवायची अट करारातच घाला. तोंडी सांगितलेलं पाडापाडीच्या धांदलीत हवेत जातं.

मग माणसं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आधी बोलतं करा, पुरुषांना नंतर. आमच्या काकांना वाड्याचे दस्त पाठ होते, पण चुलीचा धूर कुठून बाहेर जायचा, पावसाळ्यात पापड कुठे ठेवायचे, बाळंतिणीची खोली कुठली, विटाळशी कुठे बसायची, हे आत्यालाच ठाऊक होतं. त्या शेवटच्या जागेबद्दलही लिहा. झाकून ठेवू नका. तिथं आमच्या आयांनी महिन्याचे चार-चार दिवस काढले आहेत. आणि भाडेकरूंना विचाराच. पन्नास-पन्नास वर्षं ते तिथं राहिलेत, मालक केव्हाच गंगापूर रोडला आणि इंदिरानगरला राहायला गेले. आमच्या वाड्यातल्या एका भाडेकरू मावशींना कुठल्या तुळईला वाळवी आहे आणि कुठल्या भिंतीत थंडावा आहे, हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. जागा रिकामी करण्याच्या बोलण्याखेरीज आम्ही त्यांच्याशी काही बोललोच नाही. मला त्याची लाज वाटते. मावशी आता नाहीत.

या सगळ्याच्या तीन प्रती करा. एक घरात, एक भाऊबंदांपैकी जो गावाबाहेर राहतो त्याच्याकडे, आणि एक गावासाठी. आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. पोथ्या, पुस्तकं आणि जुन्या वस्तू सांभाळण्याची त्या संस्थेची परंपरा आहे. वाड्यांच्या कागदांचा एक गठ्ठा तिथं जमावा आणि तो कुणालाही बघता यावा, असं मला मनापासून वाटतं. घर गेलेल्या माणसांनी आधी काहीतरी घेऊन त्या दारात उभं राहायला हवं, म्हणून मी स्वतः आमचे ते अकरा कागद नेणार आहे. एकमेकांशी न जुळणारे आहेत, तसेच देणार. त्यांच्यावर कुणीही खाडाखोड करायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. काकांचा तेरा पायऱ्यांचा, आत्याचा पंधराचा.

तुमच्यापैकी ज्यांचा जिना अजून जागेवर आहे, त्यांना एक अडचण येईल, ती मला ठाऊक आहे. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस मिळत नाही. मुलं पुण्याला, भाऊ बोलत नाहीत, भाडेकरूला संशय येतो. मी निवृत्त आहे, गुडघे अजून शाबूत आहेत, आणि राहायला अजून नाशकातच आहे. या पत्राखाली दोन ओळी टाका, मी येते. सकाळच्या उजेडात आलं तर बरं, चौकात तेव्हाच नीट दिसतं.

आपली,
दहीपुलाजवळच्या एका वाड्याची माहेरवाशीण